आधी घर मोजा, मग कोटेशन वाचा

जळगाव हे पाइपांचं गाव आहे. भवरलाल जैन यांच्या कंपनीने 1980 मध्ये इथे पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली, आणि पुढे ठिबकाच्या नळ्यांसह ‘जैन’ हे नाव जगभर गेलं. संभाजीनगर रस्त्यावर गाडेगावला सुप्रीम या पाइप कंपनीचा मोठा कारखाना उभा आहे. शहरात पाइपांच्या दुकानांना तोटा नाही. चार दुकानं फिरलं की कोणत्या पाइपाचा फुटाला काय भाव, हे कुणालाही तासाभरात कळतं. तरीही याच गावात वरचा मजला भाड्याने देणाऱ्या घरमालकाने जुनी नळजोडणी बदलायचं ठरवलं, तर एकाच घरासाठी एक मिस्त्री अठ्ठावीस हजार सांगतो, दुसरा चव्वेचाळीस आणि तिसरा छप्पन्न. मालक गोंधळतो, शेजाऱ्याला विचारतो, आणि शेवटी मधला आकडा न्याय्य असणार असं समजून मधल्या माणसाला काम देऊन टाकतो.

मधला आकडा न्याय्य असण्याचं काहीच कारण नाही. एका ओळीत लिहिलेला ठोक आकडा महाग की रास्त हे कुणालाच सांगता येत नाही, जाणकारालाही नाही. किती मीटर पाइप, किती पॉइंट, किती भिंत फोडायची आणि ती परत कुणी बुजवायची, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच नसतो. पाइपांच्या गावात राहून आपण पाइपाचा भाव विचारत बसतो. खर्चाचा मोठा भाग मात्र फिटिंग, मजुरी, पाइपासाठी भिंतीत मारायच्या झिऱ्या आणि टाइल्स यांत जातो. म्हणून कोटेशन मागवण्याआधी मालकाने स्वतः आपलं घर मोजलं पाहिजे.

त्याहूनही आधी एक गोष्ट तपासायची. सगळी लाइन खरोखर बदलायची गरज आहे का? जळगावच्या पिंप्राळ्यातल्या किंवा धुळ्याच्या देवपुरातल्या वीस-पंचवीस वर्षांच्या घरात भिंतीत बहुधा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप असतो. खानदेशातलं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. अशा घरातला अर्ध्या इंचाचा जुना पाइप कापून बघा. बाहेरून तो धडधाकट दिसतो. आत तपकिरी गंजाचे फोड असतात, त्यावर पांढरट क्षाराचा थर बसलेला असतो, आणि मधोमध पाणी जायला जेमतेम पेन्सिल शिरेल एवढं भोक उरलेलं असतं. पाणी तापलं की क्षार अधिक बसतात, त्यामुळे गिझरच्या पुढची गरम पाण्याची लाइन सगळ्यात आधी तुंबते. भाडेकरूची पहिली तक्रार बहुतेक वेळा शॉवरला गरम पाणी बारीक येतं, हीच असते.

तपासायला दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. टाकी भरलेली असताना प्रत्येक नळाखाली बादली किती सेकंदांत भरते ते लिहून काढा. एकच नळ मंद असेल तर त्याची जाळी किंवा अँगल कॉक साफ करून आधी बघा. तेवढ्यासाठी भिंत फोडायचं कारण नाही. फक्त गरम बाजू मंद असेल तर गिझर आणि त्याच्यापुढची लाइन एवढंच काम आहे. सगळेच नळ मंद असतील तर टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह आणि खाली येणारी मुख्य लाइन तपासा, कधी तिथे नुसती हवा अडकलेली असते. हे तीन निष्कर्ष म्हणजे तीन वेगवेगळ्या खर्चांची कामं आहेत. बादली न लावता ‘पूर्ण लाइन सडली आहे, सगळं काढावं लागेल’ असं सांगणाऱ्या माणसाचं कोटेशन मी गंभीरपणे घेणार नाही.

ओल आली असेल तर तपासणी वेगळी. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, सगळे नळ बंद करा, टाकीच्या आत पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. सुमारे एक मीटर व्यासाच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे जवळजवळ 8 लिटर पाणी कुठेतरी गेलं. पातळी जागच्या जागी असेल आणि तरीही खालच्या छताला ओल असेल, तर दोष दाबाच्या लाइनचा नाही. तो नहाणी ट्रॅपचा, सांडपाण्याच्या पाइपाचा किंवा मोरीखालच्या कोब्याचा आहे. ते काम वेगळ्या माणसाचं, वेगळ्या दराचं. अशा घरात नळजोडणी बदलली तर पैसे जातात आणि ओल तशीच राहते.

भाड्याच्या घरात हा निर्णय लांबवणं मालकाच्या हिताचं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 14 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर तो स्वतः काम करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. महिना सहा हजार भाडं असेल तर वर्षाचे बहात्तर हजार होतात, म्हणजे अठरा हजारांपर्यंत. मग कोणता मिस्त्री, कोणता पाइप, हे भाडेकरू ठरवणार. त्यापेक्षा आपण वेळेवर, आपल्या मोजमापाने काम काढलेलं बरं. आयकराची बाजूही इथेच सांगून टाकतो. घरभाड्याच्या उत्पन्नावर दुरुस्ती वगैरेंसाठी मिळणारी वजावट सरसकट 30 टक्के असते. दुरुस्तीवर पाच हजार घाला की पन्नास हजार, ती वाढत नाही. म्हणून जास्तीचा प्रत्येक रुपया आपल्याच खिशातला आहे.

आता मोजणी. टेप घ्या आणि पाणी जसं वाहतं तसे चला. गच्चीवरच्या टाकीपासून सुरुवात, मग खाली येणारी लाइन, मग प्रत्येक खोली. वहीत दोन गोष्टी लिहायच्या. कोणत्या मापाचा पाइप किती मीटर, आणि किती पॉइंट. जिथे नळ, गिझर, फ्लश टाकी किंवा प्युरिफायर जोडला जातो तो एक पॉइंट. मिक्सरला गरम आणि गार असे दोन धरतात, गिझरलाही येण्याचा आणि जाण्याचा असे दोन.

जळगावात सर्रास दिसणारं एक घर घेऊ. पहिला मजला, दोन खोल्या आणि किचन, एक बाथरूम, वेगळा संडास. बाथरूममध्ये मिक्सरचे दोन, बादलीच्या नळाचा एक, गिझरचे दोन. संडासात दोन. बेसिनचा एक, किचनमध्ये सिंक आणि प्युरिफायर मिळून दोन, धुण्याच्या जागेवर नळ आणि मशीन मिळून दोन. एकूण बारा पॉइंट. पाइप म्हणाल तर गच्चीवर सव्वा इंची 5 मीटर, खाली येणारा एक इंची 9 मीटर, आत पाऊण इंची 22 आणि अर्धा इंची 14, म्हणजे एकंदर 50 मीटर. एवढी माहिती एका कागदावर लिहा, तिच्या प्रती काढा आणि प्रत्येक मिस्त्रीला तीच द्या. सगळ्यांनी एकाच कामाचा भाव सांगितला तरच तुलना होते.

समजा या घरासाठी तीन कोटेशनं आली. पहिलं 28 हजारांचं, मटेरियलसह उक्तं, एका ओळीत. दुसरं 44 हजारांचं, सहा-सात ओळींचं. तिसरं 56 हजारांचं, छापील लेटरहेडवर, जीएसटीसह, टाइल्स आणि राडारोडा उचलण्यासकट. पहिल्या आणि तिसऱ्यात बरोबर दुपटीचा फरक. आता पहिल्याला विचारायचं, ‘दादा, गच्चीवरची लाइन धरली का? झिरी बुजवून प्लास्टर कोण करणार? टाइल्स? आणि राडारोडा?’ उत्तर येतं की गच्चीवरचा जीआय तसाच ठेवायचा, प्लास्टर आणि टाइल्स मालकाच्या, राडाही मालकाचा. मग त्याच्या आकड्यात भर घालायची. गच्चीची लाइन आणि व्हॉल्व्हचे पाच हजार, प्लास्टरचे चार, टाइल्सचे पाच, राडारोड्याचा एक. अठ्ठावीसचे झाले 43 हजार. दुसऱ्याने प्लास्टर धरलं आहे, टाइल्स आणि राडारोडा धरलेला नाही. ते सहा हजार मिळवले की 50 हजार. तिसऱ्यात सगळं आहे, 56 हजार.

सुरुवातीला अठ्ठावीस हजारांचा दिसणारा फरक तेराच हजारांवर आला. अजून एक बघा. 56 हजारांत 18 टक्के जीएसटीचा भाग सुमारे 8,540 रुपयांचा आहे. तो बाजूला काढला तर तिसऱ्याचं काम 47,460 च्या आसपास बसतं, म्हणजे दुसऱ्यापेक्षा स्वस्त. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नसल्याने मालकाला हा कर कुठे वळता करता येत नाही, तो खर्चच असतो. पण निदान महाग कोण, याचं उत्तर बदललं. सहा हजार जास्त देऊन पक्कं बिल आणि लेखी हमी मिळत असेल तर ते पैसे फुकट नाहीत, असं माझं मत आहे.

कराबद्दल इथेच सावध करतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. साध्या पावतीपुस्तकावर ‘अधिक जीएसटी 18%’ असं लिहिलेलं दिसलं तर नोंदणी क्रमांक विचारा. तो पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव दिसतं. जीएसटीच्या कंपोझिशन या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या योजनेत असलेल्यालाही बिलात वेगळा कर लावता येत नाही.

आता पाइपाकडे येऊ, कारण पहिल्या कोटेशनचं स्वस्त असणं अजून पुरतं उलगडलेलं नाही. घरातल्या गरम-गार पाण्यासाठी हल्ली सीपीव्हीसी वापरतात. त्याचं भारतीय मानक आयएस 15778. पाइपावरच छापलेलं असतं एसडीआर 11 किंवा एसडीआर 13.5. हा आकडा म्हणजे पाइपाच्या बाहेरच्या व्यासाला भिंतीच्या जाडीने भागल्यावर येणारं उत्तर. एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 28.6 मिलिमीटर, एसडीआर 11 मध्ये त्याची भिंत 2.6 मिलिमीटर, तर 13.5 मध्ये 2.1. आकडा मोठा तितका पाइप पातळ. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, एकाच कंपनीचे असतात, आणि कोटेशनमध्ये नुसतं कंपनीचं नाव लिहिलं की पातळ पाइप देऊन मिस्त्री खोटाही ठरत नाही.

पातळ पाइप म्हणजे फसवणूक असंही समजू नका. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 10 मीटर उंचीवरून उतरलं तर दाब येतो चौरस सेंटिमीटरला 1 किलो. दुमजली घरात तो एवढाही नसतो. एसडीआर 11 चा पाइप 82 अंशांच्या गरम पाण्यालाही सुमारे 7 किलो दाब सोसतो. तेव्हा गार पाण्याच्या, उघड्यावरून जाणाऱ्या लाइनला 13.5 पुरेसा आहे; फक्त त्याचा भाव 13.5 चाच लागला पाहिजे. गरम पाण्याची आणि भिंतीत गाडली जाणारी लाइन मात्र मी एसडीआर 11 चीच घेईन, कारण तिथे चूक झाली तर पाइपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च भिंत आणि टाइल्सवर येतो. उलट, गच्चीवरून नुसत्या उताराने येणाऱ्या गार पाण्याला कुणी शेड्यूल 80 चा जाड पाइप सुचवत असेल तर कारण विचारा. प्रेशर पंप बसवणार असाल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे आणखी एक प्रकार चालतो. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात घरोघरी शेतीची पाइपलाइन असते, राखाडी पीव्हीसी, आयएस 4985 ची, 4 किंवा 6 किलो दाबाची. उरलेली नळी घराच्या कामाला लावली जाते. मानकातला हा दाब 27 अंश तापमानासाठी सांगितलेला असतो आणि तापमान वाढेल तशी पाइपाची ताकद घटते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि गच्चीवर उन्हात पडलेला पाइप हवेपेक्षाही जास्त तापतो. गरम पाण्याला हा पाइप कधीच चालत नाही, आणि गच्चीवर उघडा तर अजिबात नको. सीपीव्हीसी टाकला तरी उन्हाने तो ठिसूळ होतो. त्याला पांढरा रंग किंवा आच्छादन हवं. शिवाय तो लांबतो. 10 मीटरची सरळ लाइन 30 अंशांनी तापली तर जवळजवळ 19 मिलिमीटर वाढते. क्लॅम्पांनी ती आवळून टाकली की ताण जोडांवर येतो आणि पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात एल्बो तडकतो. म्हणून गच्चीच्या ओळीत पाइप कोणता, रंग किंवा आच्छादन कुणाचं, आणि लांब लाइनला वळसा दिला आहे का, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. खानदेशात ही ओळ नसलेलं कोटेशन अपुरं आहे.

दुकानात पाइप हातात घेतला की त्यावरची छपाई वाचा. आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक, माप, एसडीआर आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. पाइपाइतकंच लक्ष फिटिंगकडे द्या. पाइप नामांकित आणि एल्बो, टी, ब्रासचे जोड भलतेच, हा स्वस्ताईचा सगळ्यात सोपा मार्ग आहे, कारण मालक फक्त पाइप बघतो. गळती मात्र सरळ पाइपाला क्वचित लागते. ती जोडालाच लागते. ‘पाइप व सर्व फिटिंग्ज एकाच कंपनीच्या’ हे शब्द कोटेशनमध्ये असू द्या. जोड चिकटवायच्या सोल्युशनचा डबा सीपीव्हीसीचाच हवा आणि त्यावरची मुदत संपलेली नको.

भावाचं म्हणाल तर कंपन्यांच्या छापील दरयाद्या असतात आणि दुकानदार त्यावर सूट देतो. पाइपावरची सूट आणि फिटिंगवरची सूट वेगळी असते, म्हणून दोन्ही विचारा. कोटेशनमधला भाव छापील यादीचा असेल तर सूट कुणाच्या खिशात गेली ते उघड आहे. पीव्हीसीच्या कच्च्या मालाचा मोठा हिस्सा परदेशातून येतो आणि त्याचे भाव हलतात, त्यामुळे मिस्त्रीने ‘हा दर पंधरा दिवसच’ असं सांगितलं तर त्याच्यावर रागावू नका.

मजुरीचा हिशेब मालकाला सगळ्यात अवघड वाटतो, पण तो दिवसांनी मोजता येतो. दुसऱ्या कोटेशनवाल्याला विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, प्लंबर आणि मदतनीस पाच दिवस, गवंडी आणि बिगारी दोन दिवस. आपल्या भागात रोज काय चालला आहे ते कुणीही सांगेल. समजा कुशल माणसाचे नऊशे आणि हाताखालच्याचे सहाशे, म्हणजे जोडीचे दीड हजार. सात दिवसांचे साडेदहा हजार. मटेरियल दुकानाच्या भावाने 19 हजार, सिमेंट-वाळू-किरकोळ अडीच हजार. एकूण 32 हजार. कोटेशन 44 चं. मधले 12 हजार म्हणजे मुळावर साडेसदतीस टक्के.

हे जास्त की कमी? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातं आपली दरसूची ठरवताना कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्के धरतं. त्या हिशेबाने हे काम 36,800 चं होतं. पण सरकारी दर मोठ्या कामांचे. एका घरासाठी पाच दिवस माणसं अडकवणारा, स्वतःची हत्यारं, पेट्रोल, दुकानाचे दहा हेलपाटे आणि काही बिघडलं तर परत येण्याची जबाबदारी घेणारा माणूस 15 टक्क्यांत तगणार नाही. माझ्या मते पाव हिस्सा, म्हणजे 40 हजारांच्या आसपास, ही दोन्ही बाजूंना शोभणारी रक्कम आहे. म्हणजे इथे तीन-चार हजारांची बोलणी करायला जागा आहे, दहा हजारांची नाही. दहा हजार पाडून घेतले तर ते तो पाइपातून, फिटिंगमधून किंवा दिवसांतून काढेल, आणि ते भिंतीच्या आत आपल्याला दिसणार नाही.

त्या दरसूचीतली एक पद्धत घरमालकाने उचलावी अशी आहे. तिथे पाइपाचा दर मीटरला, फिटिंगसह धरलेला असतो, आणि भिंतीवरून नेलेला पाइप व भिंतीत झिरी मारून गाडलेला पाइप यांचे दर वेगवेगळे असतात. दुसऱ्यात झिरी बुजवणंही धरलेलं असतं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या आणि जीवन प्राधिकरणाच्याही अशा दरसूच्या असतात. त्यातले आकडे जसेच्या तसे मिस्त्रीच्या तोंडावर फेकायचे नाहीत, पण ओळी पाडायची त्यांची रीत घ्यायची. आणि त्यातून एक प्रश्न आपोआप उभा राहतो. भाड्याच्या घरात सगळी लाइन कन्सिल्डच कशाला? किचनच्या ओट्याखाली, डक्टमध्ये, धुण्याच्या जागेवर पाइप भिंतीवरून नेला तर झिरी, प्लास्टर, टाइल्स सगळं वाचतं, आणि पुढची दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होते. जुनी लाइन भिंतीत तशीच बंद करून नवी वरून न्यायची. दिसायला जरा उणं, पण भाडेकरूला पाण्याशी मतलब असतो. माझ्या मते खर्च कमी करण्याचा हा एकमेव प्रामाणिक मार्ग आहे, आणि गंमत म्हणजे तो मिस्त्री सहसा स्वतःहून सुचवत नाही, मालकालाच विचारावं लागतं.

जुन्या टाइल्सचा प्रश्न मात्र खरा आहे. वीस वर्षांपूर्वीची टाइल आज बाजारात मिळत नाही. चार टाइल्स फुटल्या की चार वेगळ्या रंगाच्या बसतात किंवा सगळी भिंत नव्याने करावी लागते. कोटेशनमध्ये ‘टाइल फुटल्यास’ याबद्दल एक ओळ हवीच. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

सांडपाण्याचे पाइप बदलायचे असतील तर तो हिशेब वेगळ्या कागदावर घ्या. त्याचं मानक आयएस 13592. त्यात टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी, तर टाइप बी संडास-मोरीसाठी. टाइप ए पातळ आणि स्वस्त असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

पैसे देताना टप्पे पाडा. मटेरियल आल्यावर काही, लाइन जोडून झाल्यावर काही, प्लास्टरनंतर काही, आणि दहावा हिस्सा महिनाभराने. यातला लाइन जोडून झाल्यावरचा टप्पा महत्त्वाचा. झिऱ्या उघड्या असतानाच टेस्टिंग पंप लावून नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि काटा तासभर जागचा हलता कामा नये. हे बघितल्याशिवाय गवंड्याला हात लावू देऊ नका. त्याच वेळी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे कुणी खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. चाचणीला पाणी लागतं, हेही आपल्याकडे लक्षात ठेवावं लागतं. जळगावात पाणी रोज येत नाही आणि धुळ्यात तर अनेक दिवसांच्या अंतराने येतं. पाण्याचा दिवस बघून, टाकी भरून ठेवून काम काढा. नाहीतर ‘पाणीच नव्हतं, म्हणून चाचणी केली नाही’ असं ऐकावं लागेल, आणि भाडेकरूचे हाल होतील ते वेगळेच.

भंगाराचा विषय कोटेशनमध्ये कुणीच काढत नाही. निघालेला जीआय पाइप आणि जुने पितळी नळ यांना किंमत असते, पितळेला तर चांगलीच. ते मिस्त्रीने न्यायचे असतील तर रक्कम बिलातून वजा व्हावी, मालकाने ठेवायचे असतील तर तसं आधी बोलावं.

हे सगळं विचारताना मिस्त्री चोर आहे असं धरून बोलू नका. उक्ता आकडा सांगणारा माणूस बहुधा लबाड नसतो. त्याला आजवर कुणी ओळी पाडून मागितलेल्या नसतात, आणि प्रत्येक मालक शेवटी निम्म्यावर घासाघीस करतो म्हणून तो आधीच आकडा फुगवून सांगतो. आपण मोजमापाचा कागद पुढे केला की बोलणं लगेच बदलतं. जो मिस्त्री दोन तास देऊन तुमचं घर बघतो, बादली लावतो, गच्चीवर चढतो आणि ओळी पाडून कोटेशन देतो, त्याने ते काम फुकट केलेलं असतं. काम दुसऱ्याला द्यायचं ठरलं तरी त्याला फोन करून सांगा, आणि त्या दोन तासांचे पैसे देऊन टाका.